पुलाला छप्पर कशासाठी, आणि दुरुस्त केलेला पूल जुना म्हणायचा का? (कॉर्निश-विंडसर पूल)

नमस्कार. तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ऑक्टोबरात तुम्ही पानांचे रंग बघायला अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात गेलात, विंडसर गावातून कनेक्टिकट नदीवरच्या लांबलचक लाकडी पुलावरून गाडीने पलीकडे न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कॉर्निशला गेलात. तिथे एकाने सांगितलं की छप्पर असतं ते घोडे पाणी बघून बुजू नयेत म्हणून, दुसऱ्याने सांगितलं बर्फ पडतो म्हणून. घरी आल्यावर वाचलंत की १९८९ ला त्याची मोठी दुरुस्ती झाली, तर मिस्टर म्हणाले मग तो १८६६ चा कसला, नवाच की. आणि मुलीला शाळेसाठी त्याचं मॉडेल करायचंय.

मी मूळचा संगमेश्वरकडचा, स्ट्रक्चरल इंजिनियर, बावीस वर्षं न्यू इंग्लंडमध्ये (म्हणजे अमेरिकेच्या याच ईशान्य कोपऱ्यात) आहे आणि त्यातली बरीचशी जुन्या लाकडी पुलांची तपासणी आणि दुरुस्तीची डिझाइनं करण्यात गेली. या पुलाच्या दुरुस्तीत माझा हात नाही, ती मी इथे यायच्या आधीची, पण त्याच्याखाली आणि त्याच्या आत मी इतक्या वेळा उभा राहिलोय की त्याच्याबद्दल कुणी विचारलं की मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

खरं तर तुमचे तिन्ही प्रश्न एकच आहेत. पूल म्हणजे त्यातला नेमका कुठला भाग? हे एकदा कळलं की छपराचंही उत्तर मिळतं आणि मिस्टरांच्या प्रश्नाचंही.

बाहेरून तो एखाद्या लांबट गोठ्यासारखा दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं खाली पूल आहे आणि त्याच्यावर खोली बांधलीय. तसं नाहीये. आत गेल्यावर दोन्ही बाजूंना ज्या तिरक्या तिरक्या लाकडांच्या जाळीच्या भिंती दिसतात ना, त्या भिंती म्हणजेच पूल. ज्याच्यावरून गाडी जाते ती जमीन त्या भिंतींच्या खालच्या कडेवर टेकलेली असते. आपल्याकडे शेडच्या छपराला कैची असते, तशीच ही एक प्रचंड कैची, फक्त सरळ उभी केलेली, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. बाहेरच्या फळ्या आणि वरचं छप्पर हे त्या दोन कैच्यांचे कपडे. फळ्या काढल्या, पत्रा काढला तरी गाड्या उद्याही जातील. पण पंधरावीस वर्षांनी जाणार नाहीत.

म्हणजे छप्पर पुलासाठी आहे. घोडे बुजत नाहीत, माणसं भिजत नाहीत, हे फायदे आपोआप मिळाले, पण साडेचारशे फूट लांबीचं छप्पर तेवढ्यासाठी कुणी घालत नाही. आणि बर्फाचं म्हणाल तर उलटंच आहे. इथे हिवाळ्यात चाकांच्या गाड्या ठेवून घसरगाड्या चालायच्या, आणि छपरामुळे पुलाच्या आतल्या फळ्या कोरड्या राहायच्या, त्यावरून घसरगाडी ओढली जाईना, म्हणून गावं माणसं लावून बाहेरचा बर्फ फावड्याने आत आणून पसरायची! त्या कामाची मजुरी गावांच्या जुन्या हिशेबात लिहिलेली सापडते. बर्फ आत नको म्हणून छप्पर घातलं असतं तर पैसे देऊन बर्फ आत कशाला टाकला असता?

अमेरिकेत हे छपराचं प्रकरण सुरू झालं फिलाडेल्फियात. स्कूलकिल नदीवर टिमोथी पामर नावाच्या पूल बांधणाऱ्याने एक मोठा लाकडी पूल बांधला, तो १८०५ ला सुरू झाला. पूल बांधून घेणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते रिचर्ड पीटर्स नावाचे न्यायाधीश, त्यांनी आग्रह धरला की याला छप्पर घालायचं. पामरचंही मत तेच पडलं, त्याने लिहून दिलं की उघडा ठेवला तर दहाबारा वर्षं, झाकला तर तीसचाळीस वर्षं चालेल. १८५० च्या सुमारास रेल्वेसाठी तो बराचसा नव्याने बांधला (आणि १८७५ ला आगीत गेला), म्हणजे मूळचं काम साधारण पंचेचाळीस वर्षं टिकलं. पामरचा अंदाज कमीच ठरला. (युरोपात, स्वित्झर्लंडमध्ये वगैरे, असे पूल याच्या कितीतरी आधीपासून होते, लुझर्नचा तर चौदाव्या शतकातला.)

आता लाकूड टिकतं कसं. लाकडाला वय मारत नाही. पाणी मारतं, आणि पाणीसुद्धा वरून पडून वाहून गेलेलं नव्हे, सांध्यात शिरून तिथेच मुरलेलं. लाकूड कुजवणारी बुरशी असते तिला ओल लागते, लाकडात वीस टक्क्यांच्या खाली ओल असेल तर तिचं काही चालत नाही. उघड्यावरची साधी फळी भिजते आणि वाऱ्याने वाळते, तिला फार काही होत नाही. पण जिथे दोन लाकडं एकमेकांवर घट्ट बसलीत, मध्ये खुंटी ठोकलीय, तिथे आत गेलेलं पाणी आठवडे आठवडे निघत नाही. आणि लाकडी पूल म्हणजे सांधेच सांधे, शेकड्यांनी. आपल्याकडचे जुने वाडे आठवा, तुळई मधोमध दगडासारखी असते पण भिंतीत शिरलेलं तिचं टोक, जिथे पन्हळ गळते, तिथे बोट घातलं तर भुसा निघतो. हे तेच.

मला हे कॉलेजच्या आधी घरी कळलं होतं असं म्हणायला हरकत नाही. मिरगाच्या आधी आजोबा पडवीला झावळ्या बांधायचे, झड आत येऊ नये म्हणून, आणि मी विचारायचो की आपण तर आत बसतो मग पडवीला कशाला. ते म्हणायचे खांबासाठी. खांब भिजला की घर भिजलं. पुलाच्या बाजूच्या फळ्या म्हणजे ती झड अडवणाऱ्या झावळ्या, त्या सडायच्याच आहेत, सडल्या की बदलायच्या, आतला खांब वाचला पाहिजे.

मग आपल्याकडे असे पूल का नाहीत हेही याच्यातून सुटतं. कोकणात वहाळावर साकव असायचे, बांबूचे, पोफळीच्या नाहीतर माडाच्या खोडांचे. पावसाळ्यात गेला तर गेला, गावाने मिळून दिवसभरात परत घातला. अशा साकवावर छप्पर घालणं म्हणजे छत्रीच गाईपेक्षा महाग. आणि मोठा पूल बांधायचा तर सह्याद्रीत दगड हाताशी. छप्पर परवडतं कधी, तर खालची वस्तू फार महाग असते आणि परत परत करणं शक्य नसतं तेव्हा.

कॉर्निशला नेमकं तेच होतं. तुम्ही बघितलात तो त्या जागेवरचा चौथा पूल आहे. पहिला १७९६, दुसरा १८२४, तिसरा १८४९, आणि तिसरा १८६६ च्या मार्चमध्ये पुराने नेला. कनेक्टिकट नदी हिवाळ्यात गोठते आणि मार्चमध्ये बर्फ फुटून खोलीएवढे तुकडे पुराबरोबर खाली येतात, त्यांचा धक्का पाण्यापेक्षा वाईट. त्याच वर्षी चौथा उभा केला, कॉर्निशचा जेम्स टास्कर आणि शेजारच्या क्लेरमाँट गावचा बेला फ्लेचर या दोघांनी, खर्च ९,००० डॉलर. जवळच्या एका माळावर लाकडं कापून, जुळवून बघितली आणि मग नदीवर नेऊन उभारली. एकूण लांबी ४४९ फूट, मध्ये नदीत एकच खांब, म्हणजे एक गाळा २०४ फुटांचा आणि दुसरा २०३ फुटांचा. साधारण ६२ मीटर, मध्ये काहीही आधार नाही, आणि हे सगळं लाकडात.

इथे जरा थांबतो कारण माझ्या मते खरी गंमत इथे आहे. २०४ फूट लांबीचं झाड मिळत नाही. म्हणजे तुकडे जोडणं आलं. गाडी वर आली की भिंतीच्या वरच्या कडेवर दाब येतो आणि खालच्या कडेवर ताण. (या वरच्या आणि खालच्या आडव्या लाकडांना आम्ही कॉर्ड म्हणतो.) दाबातला सांधा सोपा, दोन टोकं एकमेकांना भिडवून ठेवली की दाबानेच बसतात. ताणातला सांधा हा सुताराचा शत्रू. दोन टोकं एकमेकांपासून पळायला बघतात आणि लाकडाला लाकडाने धरून ठेवायचं असतं.

याच्यावर इथिएल टाउन नावाच्या न्यू हेवनच्या आर्किटेक्टने १८२० ला पेटंट घेतलं ती युक्ती अशी की खालची कड एका जाड लाकडाची करायचीच नाही. शेजारी शेजारी फळ्यांचे थर लावायचे आणि प्रत्येक थरातला सांधा वेगळ्या ठिकाणी आणायचा, विटांच्या भिंतीत सांधे एका रेषेत येऊ देत नाही तसं. एका थरात जिथे तोड आहे तिथे बाकीचे थर अखंड आहेत, आणि ताण ओकच्या खुंट्यांतून या थरातून त्या थरात जातो. वरच्या आणि खालच्या कडेच्या मध्ये तिरक्या फळ्यांची दाट जाळी, एक फळी अशी एक तशी, जिथे एकमेकांना छेदतील तिथे गिरमिटाने भोक पाडून खुंट्या ठोकलेल्या. सगळ्या फळ्या जवळपास एकाच मापाच्या, म्हणून गिरणीतून कापून आणा, गावातले साधे सुतार लावा, काम होतं. तेव्हा म्हणायचे की टाउनचा पूल मैलाने बनवावा आणि यार्डाने कापून द्यावा. टाउन स्वतः फारसे पूल बांधत नसे, फुटामागे एक डॉलर हक्काचे घ्यायचा, आणि न विचारता बांधलात तर दोन.

या जाळीत मला सगळ्यात जास्त आवडतं ते असं की एक लाकूड गेलं तर पूल जात नाही. भार शेजारच्या दहा लाकडांत वाटला जातो. लोखंडी पुलात एक पिन तुटली आणि अख्खा पूल खाली आला अशी उदाहरणं आहेत, इथे ते होत नाही, पूल आधी सांगतो. कसा सांगतो, तर झोळ देऊन. हीच त्याची कमजोरीपण आहे, प्रत्येक खुंटी आपल्या भोकात केसभर सरकते, एका खुंटीचं काहीच नाही पण शेकडो खुंट्यांचं मिळून मधोमध काही इंच होतात, आणि लाकूड वर्षानुवर्षं भाराखाली राहिलं की तसंही हळूहळू वाकतं. टास्कर आणि फ्लेचर हे ओळखून असणार, कारण त्यांनी नेहमीच्या फळ्या न वापरता जाड चौकोनी लाकडं घेतली आणि प्रत्येक छेदावर खाच पाडून एकमेकांत बसवली. कामाला जास्त, पण जाळी घट्ट. दारावर पाटी वाचलीत का, घोडे चालवत न्या नाहीतर दोन डॉलर दंड? त्यालाही कारण हेच, दुडक्या चालीने घोडे गेले की टापांचे धक्के तालात बसतात आणि प्रत्येक धक्का त्या खुंट्यांवर.

आता दुरुस्तीचं. पूल खाजगी कंपनीचा होता, टोल घ्यायचे. १९३६ ला न्यू हॅम्पशायर राज्याने विकत घेतला आणि १९४३ ला टोल बंद केला. मधल्या काळात पुराने आणि बर्फाने कितीदा तरी मार खाल्ला, १९३८ ला, परत १९७७ ला, दर वेळी डागडुजी झाली. शेवटी १९८७ ला बंद केला, साधारण ४४ लाख डॉलर खर्चून १९८९ च्या डिसेंबरात परत उघडला. त्यात ताण घेणाऱ्या खालच्या कडेला ग्लूलॅम वापरलंय, म्हणजे पातळ पट्ट्या गोंदाने दाबून केलेलं लांब लाकूड, प्लायवूडचा मोठा भाऊ म्हणा. मिस्टर म्हणतात ते इथून येतं.

यावर आमच्या क्षेत्रात एकमत नाही हे आधीच सांगतो. पारंपरिक काम करणारे सुतार म्हणतात की आजही तशीच अखंड लाकडं मिळतात, तसेच सांधे करता येतात, गोंदाचं लाकूड आणून त्या काळची अक्कल पुसून टाकू नका. बरेच इंजिनियर म्हणतात की रोज मोटारी न्यायच्या असतील तर ताणातल्या सांध्यावर धोका पत्करता येत नाही. दोघांचंही बरोबर असू शकतं, ते पूल कुठला, वाहतूक किती, किती लाकूड खरंच खराब झालंय आणि पैसे कोणाचे यावर अवलंबून आहे. मी स्वतः जिथे शक्य तिथे जुन्याच जातीचं अखंड लाकूड सुचवतो, पण २०४ फुटांच्या गाळ्यावर, दोन्ही बाजूंनी गाड्या येणाऱ्या पुलावर, मीही कदाचित ग्लूलॅमच लिहून दिलं असतं. दुःख झालं असतं, पण दिलं असतं.

जुना की नवा हे ठरवताना मी एकच गोष्ट बघतो. वजन आजही त्याच रस्त्याने जातं का? गाडीचं वजन जमिनीच्या तुळयांत, तिथून खालच्या कडेत, तिथून जाळीत, जाळीतून दगडी काठावर. कॉर्निश-विंडसरमध्ये आजही असंच जातं. तुमची गाडी टास्कर आणि फ्लेचरच्या जाळीने तोलली होती. मग त्यातलं एखादं अंग नवं असलं तरी तो पूल मला १८६६ चाच. याउलट असे पूल आहेत की खाली लोखंडी गर्डर घातलेत, सगळं वजन तेच घेतात, आणि बाजूची दीडशे वर्षांची लाकडं, प्रत्येक मूळची, नुसती उभी आहेत. तिथे लाकूड शंभर टक्के जुनं आहे पण पूल संपलेला आहे. आणि तिसरा प्रकार म्हणजे न्यू यॉर्क राज्यातला ब्लेनहाइमचा पूल, १८५५ चा, एका गाळ्यात २१० फूट, २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाच्या पुरात वाहून गेला. त्या जागी आता तसाच बांधलाय, सुंदर आहे, पण तो नवा आहे.

छपराचं महत्त्व कागदावर नाही तर हाताला कळतं, म्हणून एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लहान गावच्या पुलाची तपासणी करत होतो, गावाचं नाव नको. छपराचा एक पत्रा वाऱ्याने थोडा उचललेला, तळहाताएवढी फट, गावाच्या माणसांना ती माहीत होती आणि पुढच्या बजेटमध्ये बघू असं चार-पाच वर्षं चाललं होतं. खालचं लाकूड दिसायला उत्तम, रंगही तसाच. मी हातोडीने ठोकत चाललो होतो, खणखण, खणखण, आणि त्या फटीखाली आल्यावर बद्द. चांभाराच्या आरीसारखा टोचा असतो आमच्याकडे, तो लावला तर मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा. दोन-तीन फूट बाजूला सरकलो तर तोच टोचा पाव इंचही जाईना, लाकूड दीडशे वर्षांचं. पत्रा ठोकायला तेव्हा एक खिळा आणि अर्धा तास लागला असता. आम्हाला सहा महिने लागले, अख्खा पूल खालून जॅकवर उचलावा लागला. अशा वेळी राग येतो, आणि तो मला अजूनही येतो.

दुसरी नाजूक जागा म्हणजे दोन्ही तोंडं. पहिल्या दहाबारा फुटांत पाऊस वाऱ्याने आत येतो, आणि गाड्यांच्या टायरांबरोबर चिखल आणि रस्त्यावरचं मीठ येतं, ते फळ्यांच्या फटींतून खाली कॉर्डच्या टोकावर साठतं आणि स्पंजासारखं ओलं राहतं. तुम्ही परत गेलात तर तोंडापाशी उभं राहून खाली बघा, माती साठलेली दिसली तर त्या गावाला दुरुस्तीच्या निधीआधी झाडूची गरज आहे. खरंच सांगतो, वर्षातून दोनदा तिथे नुसतं झाडलं तरी पुलाचं आयुष्य कितीतरी वाढतं.

जाता जाता, फोटोखाली तुम्ही "व्हरमाँटचा पूल" लिहिलंय. १७६४ च्या इंग्लंडच्या राजाच्या हुकमाप्रमाणे नदी न्यू हॅम्पशायरची, आणि १९३३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हद्द व्हरमाँटच्या बाजूच्या काठावर, पाणी उतरल्यावर जिथपर्यंत असतं तिथे, पक्की केली. त्यामुळे पूल जवळजवळ सगळा न्यू हॅम्पशायरचा आणि सांभाळतातही तेच. आणि सगळ्यात लांब वगैरे दावे वाचाल तर ओहायोमधला २००८ चा स्मोलेन-गल्फ पूल ६१३ फूट आहे, तो लक्षात ठेवा. कॉर्निशलाच टास्करचे आणखीही छोटे पूल आहेत, त्यातले दोन म्हणजे ब्लॅकस्मिथ शॉप १८८१ चा आणि डिंगलटन हिल १८८२ चा. आता गेलात की तेही बघा, तिथे जाळी नाही, साध्या उभ्या-तिरक्या लाकडांची कैची आहे, लहान मुलांना ती पटकन समजते.

आता मॉडेल. कृपया गोंद वापरू देऊ नका. गोंदाने चिकटवलं की ते नुसतं दिसायला पूल होतं. आइस्क्रीमच्या काड्या घ्या, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा म्हणजे भोक पाडताना उभी चीर जाणार नाही, बारीक ड्रिलने भोकं तुम्ही पाडून द्या, आणि खुंट्या म्हणून टूथपिक मोडून घट्ट बसवा. खालची कड दोन थरांची करा, एका थरातला सांधा दुसऱ्या थरातल्या काडीच्या बरोबर मधोमध येईल अशी. तिरकी जाळी त्या दोन थरांच्या मध्ये धरा. अशा दोन भिंती, खाली आडव्या काड्या, वर आडव्या काड्या. छप्पर पुठ्ठ्याचं, नुसतं वर ठेवलेलं, उचलून आत दाखवता येईल असं. दोन खुर्च्यांवर टेकवून मधोमध एक पिशवी टांगा, तिच्यात एकेक वाटी तांदूळ घालत जा आणि प्रत्येक वाटीला झोळ किती मिलिमीटर आला ते तिला वहीत लिहू दे. मग दुसरी खालची कड करा, दोन्ही थरांचे सांधे मुद्दाम एकाच जागी आणून, आणि तेच परत मोजा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ते पान मॉडेलबरोबर शाळेत द्या. आणि जमलं तर मला फोटो पाठवा, विशेषतः सांधा सुटायच्या आधीचा.